उत्तरायुष्यातील मॅरेथॉन : श्रद्धेची साथ, संयमाची चाल

व्यापारी कुटुंबांत निवृत्तीचा दिवस कोणत्याही नियमाने ठरलेला नसतो. एखाद्या दिवाळीला वहीपूजन आटोपल्यावर वडील तिजोरीच्या किल्ल्या मुलाच्या हाती सोपवतात आणि पेढीवरची गादी क्रमाक्रमाने त्याची होते. पुढेही काही वर्षे वडील सवयीने दुकानात येऊन बसतात. परंतु ग्राहक आता मुलाशी बोलतो, भाव मुलगा ठरवतो आणि मालाची नोंद संगणकावर होते. देवदर्शन, सामायिक, व्याख्यानश्रवण यांनी सकाळ सार्थकी लागली, तरी उरलेला दिवस मोठा वाटू लागतो. चाळीस वर्षे गल्ल्यामागे बसून काढलेले शरीरही याच सुमारास मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांच्या रूपाने आपली थकबाकी मागू लागते. त्यातच जोडीदाराचा वियोग घडला, तर घर माणसांनी भरलेले असूनही मन रिते होते.

अशा वयात कोणी बेचाळीस किलोमीटर धावण्याचा संकल्प केला, तर घरातील मंडळी प्रथम हसतील आणि मग घाबरतील. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. तथापि या वाटेने श्रद्धेच्या बळावर चाललेल्या एका वृद्धाचे जीवन जगासमोर आहे. ते जैन नव्हते, व्यापारीही नव्हते. पंजाबातील शेतकरी शीख होते. पण उतारवयातील दीर्घ साधनेत श्रद्धा कोणते काम करते आणि कोणते काम ती करू शकत नाही, हे त्यांच्या जीवनाइतके स्वच्छ अन्यत्र क्वचितच दिसेल.

बियास पिंडचे फौजासिंग

फौजासिंग यांचा जन्म जालंधर जिल्ह्यातील बियास पिंड या गावी झाला. पारपत्रावरील त्यांची जन्मतारीख 1 एप्रिल 1911 अशी होती. पाय अतिशय बारीक आणि अशक्त असल्यामुळे पाचव्या वर्षापर्यंत त्यांना चालता येत नव्हते. सोबतची मुले त्यांना काठीच्या उपमेने चिडवीत. पुढे पायांत बळ आले आणि सारे कर्ते आयुष्य शेतीत गेले. लिहिणे-वाचणे त्यांना आले नाही. पंजाबीखेरीज दुसरी भाषाही त्यांनी शिकली नाही.

1992 मध्ये पत्नी ग्यान कौर यांचे निधन झाले. 1994 मध्ये मुलगा कुलदीप याचा अपघाती मृत्यू झाला. त्या वेळी फौजासिंगांचे वय 83 होते. ज्या वयात माणूस मुलांच्या खांद्याचा आधार घेतो, त्या वयात मुलालाच निरोप द्यावा लागला. या आघातातून सावरणे त्यांना फार कठीण गेले. पूर्व लंडनमधील इल्फर्ड या उपनगरात ते दुसऱ्या मुलाकडे राहू लागले. देश परका, भाषा परकी, शेत नाही, गुरे नाहीत; दिवसभर करण्यासारखे काहीच नव्हते. त्या रिकामपणातून ते चालू लागले आणि चालता चालता धावू लागले.

दूरचित्रवाणीवर मॅरेथॉनची दृश्ये पाहून आपणही ही शर्यत धावावी, असे त्यांच्या मनाने घेतले. हरमंदरसिंग या प्रशिक्षकांकडे ते गेले, तेव्हाच्या दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. पहिल्या सरावाला ते चक्क थ्री-पीस सूट घालून आले होते. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. मॅरेथॉन म्हणजे सव्वीस किलोमीटर, अशी त्यांची समजूत होती. ते अंतर सव्वीस मैलांचे, म्हणजे 42.195 किलोमीटरचे असते, हे कळल्यावर त्यांनी माघार घेतली नाही. ते अधिक गांभीर्याने सरावाला लागले. त्यांचा पोशाख, पादत्राणे, पाऊल टाकण्याची पद्धत आणि आठवड्याचे नियोजन या साऱ्याच गोष्टी प्रशिक्षकांनी नव्याने बसवल्या. वयाने कितीतरी लहान असलेल्या माणसाचे शिष्यत्व एका वृद्धाने मनापासून पत्करले. आयुष्यभर दुसऱ्यांना आज्ञा देण्याची सवय झालेल्या कर्त्या पुरुषांना हीच पायरी सर्वांत अवघड वाटते.

एप्रिल 2000 मध्ये, वयाच्या 89 व्या वर्षी, फौजासिंगांनी लंडन मॅरेथॉन 6 तास 54 मिनिटांत पूर्ण केली. 2003 मध्ये कॅनडातील टोरंटो येथे त्यांनी हेच अंतर 5 तास 40 मिनिटांत कापले. तेव्हा ते 92 वर्षांचे होते, आणि तीन वर्षांपूर्वीपेक्षा त्यांना सव्वा तास कमी लागला होता. वय वाढत असताना वेग वाढला, याचे कारण कोणत्याही चमत्कारात शोधावे लागत नाही. तीन वर्षांचा अखंड सराव त्यामागे होता.

शंभरावे वर्ष

ऑक्टोबर 2011 मध्ये ते पुन्हा टोरंटोला गेले. एकाच दिवशी मैदानावरील आठ वेगवेगळ्या अंतरांच्या शर्यती त्यांनी पूर्ण केल्या. त्यांत 100 मीटरला 23.14 सेकंद लागले आणि 5,000 मीटर पन्नास मिनिटांच्या किंचित आत पूर्ण झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, त्यांनी पूर्ण मॅरेथॉन 8 तास 11 मिनिटे 6 सेकंदांत पार केली. शंभर वर्षांच्या व्यक्तीने मॅरेथॉन पूर्ण केल्याची ही जगातील पहिली घटना म्हणून सर्वत्र गाजली.

हा वेग ताशी पाच किलोमीटरहून थोडासा अधिक पडतो. देवळाकडे झपझप निघालेल्या माणसाची चाल साधारण एवढीच असते. फौजासिंग अंतिम रेषेकडे येत होते, तेव्हा आयोजकांची माणसे कठडे आणि फलक उतरवू लागली होती. बहुतेक स्पर्धक केव्हाच घरी पोहोचले होते. पण कोण कितवा आला, यात त्यांचा जीव अडकलेला नव्हता.

गिनेस बुकाने या विक्रमाची नोंद करण्यास नकार दिला, कारण जन्माचा दाखला उपलब्ध नव्हता. 1911 सालच्या पंजाबातील खेड्यात असा दाखला मिळणे शक्यच नव्हते. शंभराव्या वाढदिवसानिमित्त ब्रिटनच्या राणीकडून आलेले पत्र आणि पारपत्र एवढाच पुरावा त्यांच्याजवळ होता. एवढ्या कष्टानंतर नोंदवहीत नाव लागले नाही, म्हणून एखादा खचला असता. फौजासिंगांनी पुढच्याच वर्षी, एप्रिल 2012 मध्ये, वयाच्या 101 व्या वर्षी लंडन मॅरेथॉन पुन्हा पूर्ण केली, आणि तीही टोरंटोपेक्षा कमी वेळात. मान हा कषाय वृद्धापकाळीही सुटत नाही, उलट कित्येकदा वाढतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या पार्श्वभूमीवर ही निरपेक्षता विशेष उठून दिसते.

श्रद्धेचे नेमके काम

फौजासिंग सांगत असत, की पहिले वीस मैल त्यांना कठीण वाटत नाहीत आणि शेवटचे सहा मैल ते देवाशी बोलत धावतात. या साध्या सांगण्यात शरीरशास्त्राशी जुळणारी एक गोष्ट आहे. मानवी स्नायूंत आणि यकृतात साठवलेली शर्करा साधारण तीस किलोमीटरच्या पुढे संपू लागते. पाय जड होतात, विचार गोंधळतात, थांबावेसे वाटते. तरुण खेळाडूही याच टप्प्यावर कोसळतात. वीस मैल म्हणजे सुमारे 32 किलोमीटर. जेथे शरीराची शिदोरी सरते, तेथूनच त्यांचे नामस्मरण सुरू होत असे.

पण नामस्मरणाच्या आधीचे बत्तीस किलोमीटर पायांनीच चालावे लागतात, आणि त्या पायांना बळ वर्षभराच्या सरावातून मिळालेले असते. सराव न करता केवळ देवावर भार टाकून ते कधी रस्त्यावर उतरले नाहीत. श्रद्धेने त्यांना दररोज घराबाहेर काढले. पाऊस असो, थंडी असो, मन उदास असो, त्यांचा नियम चुकला नाही. दीर्घ पल्ल्याच्या धावण्यात खरी कसोटी शर्यतीच्या दिवशी लागत नाही. ती आधीच्या दोन-अडीचशे सकाळी लागते. ज्याला नित्यनियमाने सामायिक करण्याची सवय आहे, ज्याने वर्षानुवर्षे प्रतिक्रमण चुकवलेले नाही, त्याच्याजवळ हे भांडवल आधीपासूनच साठलेले असते.

त्यांचा आहारही लक्षात घेण्याजोगा होता. ते पूर्ण शाकाहारी होते. फुलका, डाळ, हिरव्या भाज्या, दही, दूध आणि आल्याचा चहा एवढ्यावर त्यांचे भागत असे. तळलेले पदार्थ ते टाळत, बेताने जेवत आणि लवकर झोपत. आपल्या परंपरेतील बाह्य तपांत ऊनोदरी आणि रसपरित्याग यांची गणना होते. भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे आणि जिभेचे लाड न पुरवणे या गोष्टी एका शीख शेतकऱ्याने सहजधर्म म्हणून पाळल्या, आणि मांसाहाराविना शरीरात बळ येत नाही या प्रचलित समजाला शंभराव्या वर्षी परस्पर उत्तर दिले.

धर्मनिष्ठा आणि उतारवयातील धावणे यांचा मेळ इतरत्रही आढळतो. अमेरिकेतील कॅथलिक नन मॅडोना बुडर यांचा जन्म 1930 चा. एका धर्मगुरूंच्या सांगण्यावरून त्यांनी वयाच्या 48 व्या वर्षी धावायला सुरुवात केली. पुढे 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल चालवणे आणि त्यानंतर पूर्ण मॅरेथॉन धावणे, अशी आयर्नमॅन शर्यत त्यांनी 2012 मध्ये 82 व्या वर्षी सतरा तासांच्या मुदतीच्या आत पूर्ण केली. धर्म निराळा, देश निराळा, तरी दोघांच्या उदाहरणांत एक सूत्र समान आहे. दोघांनीही उशिरा आणि हळू सुरुवात केली, आणि धावण्याला प्रार्थनेचा भाग मानले.

आपल्या परिचयाची वाट

बेचाळीस किलोमीटर हा आकडा ऐकून जैन घरातील वडीलधाऱ्यांनी दबून जाण्याचे कारण नाही. श्री सम्मेद शिखरजीची वंदना म्हणजे सुमारे नऊ किलोमीटरची चढण, तितकीच टोंकांवरची फेरी आणि तितकीच उतरण, असा एकूण 27 किलोमीटरांचा प्रवास होतो. मध्यरात्रीनंतर निघून दुपारपर्यंत परतणाऱ्या साठी-सत्तरीच्या श्राविका प्रत्येक संघात असतात. पालीताण्याला शत्रुंजयाच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या चढून-उतरून नव्वाणू यात्रा करणारे भाविक काही महिने हाच क्रम दिवसामागून दिवस चालवतात. साधू-साध्वींचा अनवाणी विहार तर आयुष्यभराचा असतो. या यात्रेकरूंपैकी कोणीही स्वतःला खेळाडू म्हणवत नाही. पण सहनशक्ती म्हणून शास्त्र जिचे वर्णन करते, ती हीच.

सरावाचे तत्त्वही आपल्या घरांत ठाऊक आहे. कोणीही पहिल्याच वर्षी मासक्षमण करत नाही. आधी एकासने, मग आयंबिल, मग एखादा उपवास, काही वर्षांनी अठ्ठाई, आणि शरीराने व मनाने साथ दिली तरच पुढचे पाऊल. तपाची सांगताही मुगाच्या पाण्याने, जपून होते; पारण्याच्या दिवशी कोणी पंक्तीत बसून मिष्टान्न खात नाही. मॅरेथॉनची तयारी याच क्रमाने करावी लागते.

साठीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्याने पूर्ण मॅरेथॉनसाठी किमान दीड वर्षाचा अवधी धरावा. पहिले तीन-चार महिने केवळ चालणे असावे. नंतर चालण्यातच एक-दोन मिनिटांचे हलके धावणे मिसळावे. पाच, मग दहा, मग 21 किलोमीटर असे टप्पे घ्यावेत, आणि प्रत्येक टप्प्यावर शरीराला स्थिरावू द्यावे. आठवड्याचे एकूण अंतर एकदम वाढवू नये. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा अंतर मुद्दाम कमी करावे. लांब पल्ल्याची फेरी आठवड्यातून एकदाच असावी, आणि शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे सराव उतरता ठेवावा. वयपरत्वे स्नायूंचा ऱ्हास होत असतो. म्हणून आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून उठणे-बसणे, पायरी चढणे-उतरणे, हलके वजन उचलणे असे बळ वाढवणारे व्यायाम आवश्यक आहेत. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात, परंतु गुडघ्याभोवतीचे आणि टाचेमागचे तंतू फार सावकाश बळकट होतात. दम लागत नाही म्हणून अंतर वाढवले आणि टाच धरून बसावे लागले, असे याच कारणाने घडते.

वेग किती असावा, याची सोपी कसोटी आहे. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. एकटे असल्यास नवकार मंत्राची नऊ पदे न धापता, सलग म्हणता आली पाहिजेत. मध्येच श्वास तुटला, तर वेग जास्त झाला असे समजून चालीवर यावे.

पेढीवर जसा रोजमेळ लिहिला जातो, तसा या सरावाचाही लिहावा. किती अंतर झाले, झोप किती लागली, सकाळी उठल्यावर नाडीचे ठोके किती होते, कोठे दुखले, या चार रकाने पुरे. ज्याने आयुष्यभर पैन्‌पै मांडली, त्याला या वहीतून शरीराची जमा-नावे वाचायला वेळ लागत नाही. विश्रांतीची नाडी सलग दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा जलद लागत असेल, तर थकवा भरून आलेला नाही आणि त्या दिवशी सुट्टी घ्यावी, हा त्यातला पहिला धडा.

नियम आणि पाणी

आपल्या समाजातील धावपटूसमोर एक प्रश्न असा येतो, जो इतरांना सहसा पडत नाही. नवकारशीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी सुटते. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन जानेवारीत पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते. त्या दिवसांत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. म्हणजे नवकारशी आठच्या सुमारास येते. आदल्या संध्याकाळपासून चौविहार पाळणाऱ्याने तीन तास धावायचे, तर त्याच्या पोटात जवळजवळ चौदा तास पाण्याचा थेंब गेलेला नसेल.

तरुण शरीर हे कदाचित सहन करील. साठीनंतरचे शरीर करीलच असे नाही. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते. शरीरातील पाणी घटले तरी घसा ते सांगत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी अधिक जाते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी दीर्घ अंतर धावल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. या गोष्टी श्रद्धेने टळत नाहीत.

मग व्रत सोडावे काय? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्या गुरुमहाराजांशी आणि डॉक्टरांशी, दोघांशीही बोलून ठरवावे. काही वाटा मात्र आधीपासून मोकळ्या आहेत. नियम ज्याला प्रिय आहे, त्याने शर्यत नियमाप्रमाणे निवडावी. दहा किलोमीटरच्या आणि अर्ध्या अंतराच्या अनेक स्पर्धा पुष्कळ कमी वेळात आटोपतात. काहींची सुरुवात उजाडल्यावर होते. रोजचा सराव नवकारशी पारून, पाणी व हलका आहार घेऊन करण्यास कोणाचीच आडकाठी नसते. निवृत्त माणसाला ऑफिसची घाई नाही. ही त्याची मोठी सोय आहे. संध्याकाळी चालायचे असल्यास सूर्यास्तापूर्वी भोजन होईल, अशा बेताने वेळ ठेवावी. आणि ज्या दिवशी उपवास किंवा आयंबिल असेल, त्या दिवशी लांब पल्ल्याची फेरी नसावी. तप आणि सराव एकाच दिवशी एकमेकांवर लादले, तर दोहोंतही मन राहत नाही. पदकासाठी पच्चक्खाण मोडू नये आणि पच्चक्खाणाच्या भरात प्रकृती मोडू नये, एवढे भान पुरेसे आहे.

खाण्याच्या बाबतीतही दक्षता लागते. धावपटूंसाठी मिळणाऱ्या गोड जेलच्या पुड्यांत कधी मध असतो. काही चघळायच्या वड्यांत व औषधी कॅप्सूलांत जिलेटिन असते. स्पर्धेच्या मार्गावर मीठ लावलेला उकडलेला बटाटा अनेकदा वाटला जातो. वेष्टनावरील घटक वाचण्याची सवय आपल्या घरांना आहेच. लिंबू, मीठ व साखर घातलेले उकळून गार केलेले पाणी, खजूर, केळे, शेंगदाण्याची चिक्की या घरच्या गोष्टींनी काम भागते. फेरीनंतर मुगाचे धिरडे किंवा एक पेला दूध स्नायूंच्या दुरुस्तीस उपयोगी पडते. शाकाहारी वृद्धांत ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळदा आढळते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषधही ती वाढवते. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे ही तिची लक्षणे असू शकतात. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी हृदयाच्या तपासणीबरोबर ही रक्ततपासणीही करून घ्यावी. आणि धावताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखले, भोवळ आली, तर त्या क्षणी थांबावे. तेथे निग्रह दाखवू नये.

बूट घेताना चामड्याचा वापर नसल्याची खात्री करावी. जयणेचा विचार करणाऱ्याने पावसाळ्यात गवतावरून किंवा मातीच्या पायवाटेवरून धावणे टाळावे आणि उजाडल्यावर, डांबरी किंवा फरशीच्या स्वच्छ मार्गावर पाऊल टाकावे. ईर्यासमितीत चार हात पुढची भूमी पाहून चालण्यास सांगितले आहे. ज्याची दृष्टी रस्त्यावर असते, त्याचे पाऊल खड्ड्यातही पडत नाही.

घरच्यांची भूमिका

वृद्धाच्या या संकल्पात कुटुंबाचा वाटा मोठा असतो. काही घरांत ‘या वयात कशाला?’ या एका वाक्याने विषय संपतो. काही घरांत उलट घडते. वडिलांच्या पदकांची छायाचित्रे नातेवाइकांत फिरू लागतात, सगळे कौतुक करतात, आणि मग दुखत असूनही थांबणे वडिलांना लाजिरवाणे वाटू लागते. खरी अनुमोदना या दोन्हींपेक्षा वेगळी असते. सुनेने वेळेवर नाश्ता ठेवावा एवढ्यावर ती संपत नाही. मुलाने आठवड्यातून एक सकाळ वडिलांबरोबर चालावे, रोजमेळाच्या वहीत डोकावावे, सांगितलेली तपासणी झाली का ते पाहावे. पेढीवरच्या गोष्टी जेथे नीट बोलता येत नाहीत, त्या अशा सकाळी सहज बोलल्या जातात.

आई किंवा सासू यांनाही हीच संधी मिळाली पाहिजे. शिखरजीची वंदना पायी करणारी स्त्री धावण्याच्या बुटांना मात्र संकोचते. तो संकोच घरानेच दूर करावा.

फौजासिंगांनी जाहिरातींतून आणि धावण्यातून मिळालेला पैसा मोठ्या प्रमाणावर दानात दिला. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी ते धावले. जगातील सर्वांत वयस्क धावपटू सर्वांत लहान जिवांसाठी धावतो आहे, असे तेव्हा कौतुकाने म्हटले गेले. आपल्या घरांतही प्रत्येक किलोमीटरमागे काही रक्कम जीवदयेला, पांजरपोळाला किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाला द्यावी, असा संकल्प आजोबांच्या नावे नातवंडांनी करता येईल. त्यामुळे त्या अंतराला धावणाऱ्याच्या पलीकडचा अर्थ लाभतो.

थांबण्याचे शहाणपण

एकूण नऊ पूर्ण मॅरेथॉन धावल्यानंतर फौजासिंगांनी थांबण्याचा निर्णय घेतला. 24 फेब्रुवारी 2013 रोजी हाँगकाँग येथे दहा किलोमीटरची शर्यत 1 तास 32 मिनिटे 28 सेकंदांत पूर्ण करून त्यांनी स्पर्धांचा निरोप घेतला. 102 वे वर्ष पूर्ण होण्यास तेव्हा पाचच आठवडे उरले होते. आणखी एखादा विक्रम करावा, अशी गळ घालणारे पुष्कळ असतील. त्यांनी ती मानली नाही. स्पर्धा संपली, चालणे मात्र सुरू राहिले. पुढची बारा वर्षे ते रोज चालत राहिले.

14 जुलै 2025 रोजी, वयाच्या 114 व्या वर्षी, आपल्याच गावाजवळ महामार्ग ओलांडताना भरधाव वाहनाने त्यांना धडक दिली आणि त्यातच त्यांचे निधन झाले. ज्या देहाला वार्धक्य थांबवू शकले नाही, तो एका वाहनाच्या वेगापुढे हरला. अनित्य भावनेचा इतका रोकडा पाठ विरळाच. आणि त्यातून एक व्यावहारिक शिकवणही मिळते. वृद्धांनी महामार्गावर, अंधारात, एकट्याने चालू नये. उजाडल्यावर, वाहनांपासून दूर, उद्यानात किंवा मैदानावर, सोबत घेऊन निघावे. अंगात उजळ रंगाचा कपडा आणि खिशात नाव, रक्तगट व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.

बहुतेक वडीलधारे पूर्ण मॅरेथॉन धावणार नाहीत आणि त्यांनी ती धावलीच पाहिजे असेही नाही. कोणासाठी पाच किलोमीटर हेच शिखर असेल, कोणासाठी न थांबता जिनालयापर्यंत चालत जाऊन परत येणे. अंतर प्रत्येकाने आपल्या शक्तीप्रमाणे ठरवावे. आपल्या शास्त्रांतही तपाची आज्ञा ‘यथाशक्ती’ याच शब्दाने मर्यादित केलेली आहे. मोजायचेच असेल तर वर्षाअखेरीस रोजमेळाची वही उघडावी आणि किती सकाळी पाऊल घराबाहेर पडले, एवढेच मोजावे.